खाड्याचे दिवस

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास आमचे चिरंजीव कचेरींतून परत आले ते हातांत पेढ्यांचा पुडा घेऊनच. हिंजवडीस ज्या संगणक कंपनींत ते गेलीं आठ वर्षें नोकरीस आहेत ती सोडून दुसऱ्या एका कंपनीकडून त्यांस बोलावणें आलें होतें, आणि नेमणुकीच्या पत्रांत वार्षिक आंकडा होता चोवीस लक्ष रुपये. सध्यांचा आंकडा वीस लक्षांचा. देवापुढें पेढे ठेवून झाले, दादांस, म्हणजे आमच्या वडील बंधूंस, नमस्कार झाला, आणि घरांतील लहानथोर मंडळी ‘दरमहा दोन लक्ष’ असा हिशेब करून मोकळी झाली.

आम्हीं अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांस गणित व मराठी शिकविलें. आमचें स्वतःचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपुरतें व पुढें शिक्षकाच्या सनदेपुरतें. संस्कृत तेवढें आजोबांनीं पहांटे उठवून पाठ करून घेतलेलें. अशा मनुष्यास कोणी भागाकाराचें उत्तर सांगितलें कीं तें पडताळून पाहिल्यावांचून त्यास राहवत नाहीं. शिवाय पत्रांत त्या आंकड्यास ‘सी. टी. सी.’ असें नांव होतें. त्याचा अर्थ चिरंजिवांनीं सांगितला तो असा: एक नोकर पदरीं ठेवल्यानें कंपनीस वर्षाकांठीं एकंदर जो खर्च पडतो तो. म्हणजे हा नोकराच्या हातीं येणारा पैसा नव्हे. धन्याच्या तिजोरींतून जाणारा पैसा.

पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन आम्ही बसलों. मूळ वेतन बारा लक्ष. त्यावर धन्यानें भविष्यनिर्वाह निधींत भरावयाचे शेंकडा १२, म्हणजे १,४४,०००. उपदान, ज्यास कचेरींत ग्रॅच्युइटी म्हणतात, त्याची तरतूद ५७,६९२. विम्याचा हप्ता ३०,०००. कामगिरी पाहून वर्षाखेरीस मिळालीच तर मिळेल अशी रक्कम २,४०,०००. ह्या चार रकमा मिळून ४,७१,६९२ झाल्या. त्या वजा जातां उरले १९,२८,३०८. त्यांतून नोकरानें आपल्या वांट्याचे निधींत भरावयाचे आणखी १,४४,००० काढले. उरले १७,८४,३०८. बारांनीं भागतां दरमहा सुमारें १,४८,७०० आले. आणि प्राप्तीवरील कर अद्याप जावयाचाच होता!

पेढा गोड लागला नाहीं असें नाहीं. परंतु दोन लक्षांचे दीड लक्षांच्या आंत आले हें पाहून घरांतील मंडळी थोडी गप्प झाली. दादा मात्र हंसले. म्हणाले, "अरे, जे वजा केलेस ते कुठें वाया गेले? आमचं घर त्या वजाबाकीवर उभं आहे." हें वाक्य त्या वेळीं आम्हांस पुरतें उमगलें नव्हतें.

त्याच रात्रीं पाणी पिण्यास म्हणून आम्ही उठलों, तों स्वयंपाकघरांत चिरंजीव व सूनबाई हलक्या आवाजांत बोलत होतीं. दुसऱ्याचें बोलणें चोरून ऐकूं नये हें आम्ही जन्मभर मुलांस शिकवीत आलों. पण त्या रात्रीं पाय उंबऱ्याशींच थबकले.

"मी नाहीं म्हणून कळवणार आहे. आईचे गुडघे आधीं."

"आणि नानांना काय सांगायचं?"

"सांगूं, तिथलं काम पटलं नाहीं."

आमच्या सौभाग्यवतीचे दोन्ही गुडघे झिजले आहेत, व सांधे बदलावे लागतील असें डॉक्टरांनीं दिवाळीच्या आधींच सांगितलें होतें. परंतु त्या गुडघ्यांचा आणि चिरंजिवांच्या नोकरीचा कांहीं संबंध आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें. अंथरुणावर परत येऊन पडलों खरे, पण झोंप आली नाहीं. मुलाचा अभिमान वाटत होता, आणि त्याच क्षणीं आपण उतारवयांत मुलाच्या पायांतील बेडी झालों ह्या विचारानें मन विटत होतें.

सकाळीं आम्हींच विषय काढला. तेव्हां उलगडा झाला तो असा. सध्यांच्या कंपनीनें आपल्या नोकरांचा जो समूह-विमा उतरविला आहे त्यांत नोकर, त्याची पत्नी, मुलें आणि आईबापही आहेत. नव्या कंपनीच्या विम्यांत आईबाप नाहींत. मग आईबापांचा स्वतंत्र विमा घ्यावा म्हटलें, तर जें दुखणें आधींपासूनच अंगांत आहे त्याचा खर्च मिळण्यास वाट पाहावी लागते. विमा नियामकाच्या २०२४ सालच्या नियमाप्रमाणें ही मुदत तीन वर्षांपर्यंत असूं शकते. समूह-विम्यांत बहुधा अशी अट नसते. चिरंजिवांनीं नव्या कंपनीस विचारूनही पाहिलें होतें, कीं हप्ता मी माझ्या पगारांतून भरतों, आईबापांस आंत घ्या. उत्तर आलें, पुढील वर्षीं विम्याचें नूतनीकरण होईल तेव्हां पाहूं.

वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें नोकऱ्या बदलण्याच्या बेतांत असतील त्यांच्यासाठीं येथेंच एक गोष्ट नोंदवून ठेवतों. समूह-विम्यांतून बाहेर पडतांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यांत जाण्याची सोय नियमांत आहे, आणि समूहांत काढलेला काळ वाट पाहण्याच्या मुदतींत जमेस धरला जातो. मात्र त्यासाठीं अर्ज वेळेवर करावा लागतो, व वय आणि प्रकृति पाहून हप्ता ठरतो. राजीनामा दिल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां आधीं चौकशी केलेली बरी.

ह्या प्रकरणानंतर आम्हीं पगार ह्या वस्तूकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. पगार हा कामाच्या दिवसाचा मोबदला. परंतु मनुष्याच्या आयुष्यांत असे दिवस येतातच, कीं ज्या दिवशीं त्याच्यानें काम होत नाहीं. विचार करतां ते चार प्रकारचे दिसले: आजाराचा दिवस, बाळंतपणाचा दिवस, अपघाताचा वा मृत्यूचा दिवस, आणि म्हातारपणाचा दिवस. हजेरीपटावर हे सारे खाडेच. ह्या खाड्याच्या दिवशीं चूल कशी पेटावी, ह्याची जी आधीं करून ठेवलेली व्यवस्था तिलाच आज कचेऱ्यांतून ‘बेनिफिट’ म्हणतात. एके काळीं ही व्यवस्था एकत्र कुटुंब करीत असे. एक भाऊ अंथरुणास खिळला तर दुसऱ्याच्या मिळकतीवर त्याचीं मुलें जेवत. आज कुटुंबें लहान झालीं, माणसें नोकरीच्या गांवीं पांगलीं, आणि तो भार धन्यावर व सरकारावर येऊन पडला.

हा विचार आपल्याकडे नवा आहे असेंही नव्हे. संस्कृतांत नोकरास ‘भृत्य’ म्हणतात. ‘भृ’ म्हणजे धारण करणें, पोसणें. ज्याचें भरणपोषण करावयाचें तो भृत्य. ‘भर्ता’ आणि ‘भार्या’ हे शब्दही त्याच धातूचे. म्हणजे ज्या भाषेनें पतिपत्नींचें नातें भरणाच्या शब्दानें सांगितलें, तिनेंच धन्याचें आणि चाकराचेंही नातें सांगितलें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पांचव्या अधिकरणांत भृत्यांच्या भरणावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत राजास सांगितलें आहे, कीं कामावर असतां जे मरण पावतील त्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावें. त्यांच्या घरचीं मुलें, म्हातारीं व आजारी माणसें ह्यांजवर अनुग्रह असावा. आणि घरांत मृत्यु, दुखणें किंवा बाळंतपण असेल तेव्हां द्रव्यानें व मानानें साह्य करावें. आमच्या चार दिवसांपैकीं बहुतेक सारे त्यांत आले.

परंतु तो अनुग्रह होता, हक्क नव्हे. अनुग्रहाचा हक्क होण्यास फार काळ लागला. जमशेटजी टाटा ह्यांनीं नागपुरास १८७७ सालीं एम्प्रेस गिरणी सुरू केली. तेथें १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळूं लागली. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशांत झाला तो १९२३ सालीं, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर. बाळंतपणाच्या रजेचें बिल मुंबईच्या कायदे कौन्सिलांत आलें तेव्हां, १९२८ सालीं, डॉ. आंबेडकर ह्यांनीं त्यास पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारचा असला तरी स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या धन्यास त्यांतून सुटतां येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत तो कायदा झाला. पुढें १९४८ सालीं कामगार राज्य विमा, १९५२ सालीं भविष्यनिर्वाह निधि, १९६१ सालीं साऱ्या देशासाठीं प्रसूतीच्या सवलतीचा आणि १९७२ सालीं उपदानाचा कायदा आला. हे सर्व आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत एकत्र झाले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. वेतनाची व्याख्याही त्याच दिवसापासून बदलली. भत्ते एकंदर मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक दाखविले तर निम्म्यावरील भाग वेतनांतच धरावयाचा. त्यामुळें मूळ वेतन लहान दाखवून निधि व उपदान लहान करण्याची वाट पुष्कळ अरुंद झाली. ठराविक मुदतीच्या नोकरासही आतां एका वर्षानंतर उपदानाचा हक्क आहे.

हें सारें पुस्तकी वाटेल, म्हणून आमच्याच घरांत पाहतों. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना निघाला आणि त्याच्याबरोबर कामगारांची वसाहत वसली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि माळरानावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्यांतील एकांत दादा १९७१ सालीं लागले व २००७ सालीं निवृत्त झाले. कारखान्याची बस, उपाहारगृहांतील स्वस्त जेवण, वर्षाचे दोन गणवेष, दिवाळीचा बोनस ह्यांचें आम्हां शिक्षकांस तेव्हां मोठें अप्रूप वाटे. परंतु दादांस तारलें तें ह्या दिसणाऱ्या वस्तूंनीं नव्हे. अखेरचा मूळ पगार व महागाईभत्ता मिळून १३,०००; त्यास १५ नीं गुणून २६ नीं भागलें कीं ७,५००; आणि सेवा ३६ वर्षांची. उपदान झालें २,७०,०००. त्यांत निधीची रक्कम मिळविली, आमची थोडी शिल्लक घातली, आणि वाकडास ह्या दोन लागून असलेल्या जागा घेतल्या. त्या वेळीं म्हातोबाच्या देवळापासून आमच्या दारापर्यंत मधें शेतेंच होतीं. दादा वजाबाकीवर घर उभें आहे म्हणाले तें ह्याच अर्थानें. दरमहा हातीं न आलेला पैसाच म्हातारपणाच्या दिवशीं दाराशीं येऊन उभा राहिला.

सूनबाईंची गोष्ट तशीच. २०१७ सालीं प्रसूतीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि २०१८ सालीं आमची नात जन्मली. सहा महिने मूल आईच्या कुशींत राहिलें व आईची नोकरीही राहिली. आणि आमची स्वतःची गोष्ट म्हणाल, तर प्राथमिक शिक्षकास निवृत्तिवेतन मिळतें तें आमच्या पिढीस जुन्या नियमानें मिळतें. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेंत आलेल्या राज्याच्या नोकरांस ती जुनी योजना लागू झाली नाहीं. आमच्या जागेवर आलेला तरुण शिक्षक तींच मुलें, तींच पुस्तकें शिकवितो. परंतु त्याचें म्हातारपण आमच्यासारखें निर्धास्त नाहीं.

ह्या साऱ्यावर आम्ही एके दुपारीं घरांत मोठ्या उत्साहानें बोलत होतों. चार दिवसांची कसोटी सांगून झाली, अर्थशास्त्र सांगून झालें. सौभाग्यवती भाजी निवडीत ऐकत होती. ती मान वर न करतां म्हणाली, "अहो, मग आपल्या बाईंना ह्या चारांपैकीं कोणता दिवस आहे आपल्याकडे?"

आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या बाई सहा वर्षांपासून आहेत. त्यांचे यजमान चाकणास कंत्राटदारामार्फत एका कारखान्यांत प्रेसवर काम करीत. गेल्या आषाढांत त्यांचीं दोन बोटें यंत्रांत गेलीं. कामगार राज्य विम्यांत नांव असतें, तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळांत सरासरी रोजाच्या शेंकडा ९० पैसे मिळाले असते, आणि चिंचवडास मोहननगरांत त्या योजनेचें रुग्णालयही आहे. कंत्राटदाराच्या माणसांचा हप्ता मुख्य कारखानदारानें आधीं भरावा व मग कंत्राटदाराकडून वसूल करावा असाही कायदा आहे. पण त्यांचें नांव पटावर कोणी चढविलेंच नव्हतें. कांहीं रोख रक्कम हातावर ठेवून त्यांस घरीं पाठविलें. त्या वेळीं बाई बारा दिवस आमच्याकडे येऊं शकल्या नाहींत.

आणि महिनाअखेरीस आम्हीं काय केलें? पगार ७,५००. भागिले ३०, रोज २५०. गुणिले १२ खाडे, म्हणजे ३,०००. बाईंच्या हातावर ४,५०० ठेवले. वहींत नोंद केली, उत्तर दोनदां पडताळलें, आणि हिशेब चोख झाला म्हणून समाधानानें वही मिटली. बाईंनीं पैसे न मोजतां कनवटीस लावले होते. तें आम्हांस आतां आठवलें.

चाकणच्या त्या कंत्राटदारास आम्हीं त्या काळांत पुष्कळ बोल लावले होते. परंतु त्याच्या आणि आमच्या वहींत फरक तो काय? आम्हीही धनीच होतों. अपघाताचा दिवस त्याच्या घरीं खाडा ठरला, तसा आमच्या घरींही खाडाच ठरला. मुलाच्या कंपनीनें आईबापांच्या गुडघ्यांचीही काळजी वाहावी अशी आमची अपेक्षा. आणि जी बाई सहा वर्षें आमच्या घरच्या नऊ माणसांस ऊन जेवण वाढते तिच्या घरीं नवऱ्याचा हात यंत्रांत गेला त्या महिन्यांत आम्हीं तिचे तीन हजार कापले! शास्त्राचा अर्थ आम्हीं सांगितला, पण तो कळला होता सौभाग्यवतीस.

त्या संध्याकाळीं दादा, वहिनी, सौभाग्यवती, चिरंजीव व सूनबाई अशी सारी मंडळी बसून घराचा ठराव झाला. दुखण्याच्या आणि घरांतील आपत्तीच्या दिवसाचा खाडा धरूं नये. महिन्यास चार सुट्ट्या त्यांच्या हक्काच्या. दिवाळीस एक महिन्याचा पगार अधिक. बाईंच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी. वर्षाला वीस रुपयांत दोन लक्षांचा अपघात-विमा आहे, व तो सत्तर वर्षांपर्यंत मिळतो. पन्नाशीच्या आंतील माणसास जीवनज्योति योजना वर्षाला ४३६ रुपयांत दोन लक्षांचा आयुर्विमा देते, तीही घ्यावी. दोहोंचे हप्ते आम्हीं भरावे. घरेलू कामगारांच्या कल्याणासाठीं महाराष्ट्रांत २००८ सालीं मंडळाचा कायदा झाला आहे. तेथें नांव नोंदविण्यास सूनबाईंनीं बरोबर जावें. म्हातारपणासाठीं दरमहा पांचशें रुपये त्यांच्या नांवें टपालाच्या आवर्ती ठेवींत घालावे असें दादांनीं सुचविलें. "कारखान्यानं माझं केलं, तेंच," एवढेंच ते म्हणाले.

ह्या सर्वांचा बोजा एकंदर किती पडतो तेंही सांगतों, कारण वाचकभगिनी तेंच प्रथम विचारतील. दिवाळीचे ७,५००, ठेवीचे ६,०००, विम्यांचे ४५६, वर्षाचे १३,९५६. नऊ माणसांच्या आमच्या घरास हा खर्च न झेपणारा नाहीं. तो सहा वर्षें सुचला नव्हता, इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं आषाढांतील तीन हजार रुपये आम्हीं बाईंस परत दिले. त्या म्हणाल्या, "नाना, खाड्याचे कशाला?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सौभाग्यवतीनेंच सांगितलें, "बाई, हिशेब चुकला होता यांचा." बाईंनीं पैसे घेतले, आणि ह्या वेळीं मोजून घेतले.

चिरंजीव त्या चोवीस लक्षांच्या नोकरीस गेले नाहींत. माघांत सौभाग्यवतीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती आतां काठी टेंकीत देवघरापर्यंत जाते. डावा गुडघा अजून व्हावयाचा आहे. मुलानें पुढें जाण्याची संधि आईच्या सांध्यांसाठीं सोडावी लागावी ही व्यवस्था आम्हांस अजूनही पटत नाहीं. विमा नोकरीस बांधलेला असला म्हणजे नोकरी जाते त्याच दिवशीं, जेव्हां त्याची सर्वांत अधिक गरज, तेव्हांच तो सुटतो. ह्यावर उपाय सरकारानें करावा हें खरें, आणि तो एका घराच्या हातचा नाहीं. परंतु जें आपल्या हातचें आहे तें आधीं करावें.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति. मुलांमुलींचें नेमणुकीचें पत्र येईल तेव्हां वरचा मोठा आंकडा पाहून पेढे अवश्य वांटा. परंतु आजार, बाळंतपण, अपघात व म्हातारपण ह्या चार दिवसांसाठीं त्यांत काय आहे तें खालीं बारीक अक्षरांत वाचून पाहा. आणि तीच चार प्रश्नांची यादी घेऊन एकदां आपल्या घरची खर्चाची वही उघडा. आमच्या वहींत खाड्यांचा रकाना असे तेथें आतां सौभाग्यवतीनें रेघ मारली आहे.